दिव्याविना मोजणी

उपोकोइनाचा आवाज अतिऊ बेटावर कुणाला ठाऊक नाही? चर्चमध्ये ती गायला लागली की पास्टरबुवा आपले गप्प बसतात. तारोच्या कंदांच्या खाचरातून हाक मारली तर डुकरं दावं तोडून पळतात. अशी ही बाई त्या दिवशी दुपारपासून एक शब्दही बोलली नव्हती.

कारण तिची माहेरची गुहा. वादळात तोंडाशी कडा कोसळला आणि तेव्हापासून कोपेका दिसेनासे झाले. मुठीएवढा करडा पक्षी, पण काय त्याचं कौतुक सांगावं! दिवसभर उडेल, झाडावर म्हणून टेकणार नाही. पाय टेकणार ते गुहेतच. आता गुहा ओस पडली असं ठरलं, की धावपट्टीच्या खडीसाठी तो डोंगर फुटणार. ठरणार होतं माआराच्या पाहणीवर. माआरा म्हणजे तिच्या नवऱ्याचा पुतण्या. बेटावरच्या पाखरांची नोंद तोच ठेवतो.

"काकू, दातखीळ बसली का?" त्यानं वाटेत चिडवलं.

"तुझे दात पाडीन. चल पुढे!"

ढिगाऱ्यातून वाट काढत आत शिरल्यावर दोघांनी दिवे फिरवले. भिंतीवर लांब मिशांचे रातकिडे, कोपऱ्यात फिकट कोळी, डबक्यापाशी एक खेकडा. माआरा एकेक टिपत गेला. छताजवळची घरटी मात्र सगळी रिकामी.

"पाखरू नाही, काकू. खोटं कसं लिहू?"

समोर एक अरुंद फट होती. पलीकडे तिच्या पूर्वजांची हाडं. घराण्याचा दंडकच होता: रक्ताच्या माणसानंच आत जायचं, आणि मेलेल्यांच्या तोंडावर उजेड पाडायचा नाही. त्यामुळे कुठलीच पाहणी तिथं पोचली नव्हती. बापाचं बोट धरून ती एकदाच गेली होती, आणि तेव्हाची भीती अजून गेली नव्हती. तरी तिनं दिवा माआराच्या हातात दिला.

"मी उपोकोइना, रुआची लेक," ती फटीत तोंड घालून हळूच म्हणाली. "पाखरं कुठं गेली ते विचारायला आलेय. रागावू नका."

सरपटत ती आत गेली. डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा काळोख. वरून कुठूनसा वारा येत होता. वादळानं तिकडे नवी वाट पाडली असावी.

टक. टकटक. मग चहूकडून टकटकाट! काळोखात कोपेका असाच आवाज करत वाट काढतो. संध्याकाळ झाली होती, पाखरं घरी परतत होती. एक पंख तिच्या गालाला लागून गेला. बाई गं! आपण गुहा राखतोय असं तिला जन्मभर वाटत होतं. आणि इथं तिची मेलेली माणसं पाखरं सांभाळत बसली होती.

"माआरा," ती कुजबुजली, "दिवे विझव. फटीला कान लाव."

"पण दिसल्याशिवाय मी..."

"विझव म्हणते ना, मेल्या!"

दिवे विझले. पलीकडे माआरा फटीला कान लावून टकटक मोजत राहिला.

"अगं आई गं," माआरा शेवटी म्हणाला. "फोडू दे धावपट्टीवाल्यांना खडी दुसरीकडं. हा डोंगर नाही फुटायचा. आजच लिहितो."

ती चाचपडत बाहेर आली आणि दिव्याकडे हात नेला. माआरानं तिचं मनगट धरलं.

"नको ना, काकू. अजून थोडा वेळ ऐकू दे."