उंडीच्या तेलाचं गाऱ्हाणं

गुरुदास तारीला कुणी “एकटेच राहता का?” असं विचारलेलं खपत नसे. “एकटो खंय? कोंबडे आसत, माजर आसा, दर्या आसा,” हे उत्तर त्याच्या जिभेवर तयार असायचं. विचारणारा हसायचा, गुरुदासही हसायचा आणि विषय तिथेच मिटायचा. मालवणच्या वरच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी त्याची वाडी. तिथे त्याला ओळखणारे पुष्कळ होते, पण त्याच्या पडवीत येऊन बूड टेकणारं कुणी उरलं नव्हतं.

पूर्वी असं नव्हतं. घरामागे त्याच्या आज्याने लावलेली उंडीच्या झाडांची रांग आहे. वाघळं रात्री उंडीची फळं खातात, म्हणजे वरचा गर कुरतडतात आणि बी खाली टाकतात. सकाळी ते बी वेचायचं, उन्हात कडकडीत सुकवायचं, फोडायचं आणि घाण्यात घालायचं. मग निघतं ते हिरवट, कडू, उग्र वासाचं तेल. ते तोंडात घालायच्या लायकीचं नाही, पण लाकडी होडीच्या बुडाला चोळलं की लाकूड टिकायचं. देवाच्या दिव्यालाही तेच चालायचं. होड्या वर ओढल्या की माणसं डबे घेऊन गुरुदासच्या दारात हजर. घाण्याला घाई चालत नाही, म्हणून तेल गळेपर्यंत गजाली, गप्पा. चहा करून करून त्याची बायको सावित्री वैतागायची आणि एखाद्या दिवशी कुणी आलं नाही तर त्याहून जास्त वैतागायची.

मग फायबरच्या होड्या आल्या. फायबर हलकं, त्याला ना कीड लागते ना तेल लागतं. लोकांनी घेतलं ते काही मूर्खपणाने नव्हे. पाठीचे मणके ज्याचे त्याला प्यारे असतात. एवढंच की लाकडी होडी मेली की चुलीत जायची, आणि मेलेली फायबरची होडी माडाखाली तशीच पडून राहते. ती जळत नाही, कुजत नाही आणि उचलून न्यायला कुणी येत नाही. अशा एका होडीत गुरुदासच्या कोंबड्या अंडी घालत. डबे घेऊन येणारी माणसं मात्र हळूहळू यायची थांबली. कुणी मुंबईला गेलं, कुणी घराला रंग देऊन पर्यटकांसाठी खोल्या केल्या.

तारींच्या घरात एक रीत होती. वर्षाचं पहिलं तेल निघालं की शेवटच्या उंडीखालच्या राखणदाराला, जागेची राखण करणाऱ्या देवाला, दिवा लावायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेली कैफियत. एकाने मागणं बोलायचं आणि दर मागण्याला दुसऱ्याने “व्हय म्हाराजा!” म्हणायचं. बोलणाऱ्याने स्वतःच होकार भरायचा नसतो; तसलं गाऱ्हाणं राखणदार ऐकतच नाही, असं गुरुदासचा बाप सांगे. वाडी रिकामी झाली तशी होकार देणारी सावित्री एकटीच उरली होती. पायरीवर बसून, पदराने वारा घेत, ती एवढ्या खणखणीत आवाजात “व्हय म्हाराजा” म्हणायची की खाडीवरचे बगळे उडायचे. ती गेली आणि गाऱ्हाणं बंद पडलं. गुरुदास दिवा लावायचा, हात जोडायचा, तोंड उघडायचा आणि मिटायचा.

एका वर्षी त्याने मुंबईला मुलाला, कौस्तुभला फोन लावला आणि फोन देवापुढच्या दगडावर उभा केला. “बा राखणदारा म्हाराजा,” अशी सुरुवात केली, तर पलीकडून आवाज आला, “हो बाबा, हो, मीटिंगमध्ये आहे, मग करतो.” शेजारच्या कुणाला हाक मारली असती तर आलाही असता. पण हाक मारायची म्हणजे घरात होकार भरायला माणूस नाही हे कबूल करायचं, आणि तेच तर त्याला नको होतं. पुन्हा त्याने तो प्रयत्न केला नाही.

त्याच्या आयुष्यात प्राजक्ता आली ती दिवाळीनंतर. आंबोलीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, कॉलेजात शिकणारी. होडीच्या इंजिनाला डिझेलऐवजी उंडीच्या तेलापासून केलेलं इंधन वापरलं तर निसर्गाचा खरोखर फायदा होतो की नुसताच बोलबाला, हे तिला तपासायचं होतं. निकाल चांगला आला तर किनाऱ्यावर गावोगाव उंडी लावायचा तिच्या कॉलेजचा विचार होता. दर गुरुवारी ती एसटीने यायची, तराजू काढायची आणि विचारत सुटायची.

“ऊन नसलं की बी सुकवायला लाकूड किती लागतं, काका?”

“लाकूड घरचाच.”

“घरचं असलं तरी जळतंच ना? किती?”

आपल्या परड्यातलं लाकूड कुणी मोजतं हे गुरुदासने प्रथमच ऐकलं. इकडे घरचं म्हणजे फुकट. नारळ घरचा, पाणी घरचं, कष्टही घरचे. त्याची हिशेबात गणती नाही. ती पोरगी मात्र धूरसुद्धा सोडत नव्हती.

“आणि घाणा फिरवणारी वीज कुठून येते?”

“खांब्यावरसून,” गुरुदास म्हणाला.

ती खळखळून हसली आणि तिची कॉलेजातली मराठी गळून पडली. “काकानू, त्या खांब्याच्या पाठी खंय तरी कोळसो जळता! तो पण तुमच्या तेलाच्या बोडक्यार.” मग तिने समजावून सांगितलं. बी झाडावरून पडल्यापासून इंजिनाचा धूर हवेत जाईपर्यंत जे जे जळलं ते सगळं मोजायचं. डिझेललाही तोच न्याय लावायचा. ते कुठल्या वाळवंटाखालून निघालं, कसल्या जहाजातून आलं, कुठे शुद्ध झालं, सगळं. झाडाचं आहे म्हणून ते पुण्यवान ठरत नाही आणि जमिनीखालचं आहे म्हणून न तपासता त्याला पापी म्हणायचं नाही. गुरुदासला हे पटलं. त्याहून खरं सांगायचं तर तिचं बोलणं त्याला आवडलं. घरात पुन्हा कुणीतरी वाद घालत होतं.

तो बुधवारीच पडवी सारवू लागला. कपाटातली फुलांची कपबशी बाहेर आली. गुरुवारी बांगडा तळल्याशिवाय तो तिला सोडीना. “माजरासाठीच हाडलंय, तू पण खा,” असं म्हणायचा. मांजराला शेपट्या मिळायच्या.

घोटाळा असा झाला की त्या वर्षी उंडी कमी धरली. थोड्याच आठवड्यांत बी संपत आलं. तिच्या तपासणीला दर खेपेला ठरावीक तेल लागायचं. बी संपलं तर ती येणार कशाला? आणि पोरगी आंबोलीहून एवढी लांब यायची, तिला रिकाम्या हाताने धाडायचं? आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवणं तारींच्या घरात कधी झालं नव्हतं. गुरुदासने भाई टेम्पोवाल्याला गाठलं आणि वेंगुर्ल्याकडून उंडीचं बी मागवलं. आभाळ भरलेलं होतं, ऊन पडेना, म्हणून शेकोट्या पेटवून ते रात्रीत भाजून काढलं. गुरुवारी प्राजक्तापुढे पोतं ठेवून म्हणाला, “झाडानी उशिरान टाकला बघ.” तिने ते “झाडाखालचं, उन्हात सुकवलेलं” म्हणून धरलं. पुढच्या गुरुवारी तसंच आणि त्याच्या पुढच्यालाही. त्याला वाटलं, तेल ते तेल, त्यात झाडाने कुठे सही केलेली असते?

हा काही लुच्चेपणा नव्हता. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, टेम्पोचा आवाज आला की तो उठून रस्त्याकडे नजर टाकायचा.

आणि एका गुरुवारी तो टेम्पो दारातच उभा राहिला. प्राजक्ता पडवीत तेल मोजत होती. भाई खिडकीतून ओरडला, “काकानू, वेंगुर्ल्यासून आजून किती पोती हाडूची? सांगून ठेवतंय!”

गुरुदासने हात हलवून त्याला घालवलं, पण तिच्या कानावर जायचं ते गेलं होतं. प्राजक्ताने मापटं खाली ठेवलं.

“ते बी टेम्पोने आणलेलं होतं?” तिने विचारलं. तिची मराठी पुन्हा कॉलेजातली झाली होती, आणि गुरुदासला तेच पहिल्यांदा लागलं.

“थोडा...”

“सुकवलं कसं?”

त्याने परड्यातल्या राखेच्या ढिगाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं.

“काका, मी कॉलेजात सगळ्यांसमोर सांगून बसले, डिझेलपेक्षा कितीतरी चांगलं आहे म्हणून. का केलंत असं?”

खरं कारण त्याच्या ओठांवर होतं. तू येऊचं बंद झालं असतंस, एवढं पाच शब्दांचं वाक्य. पण ते बोलायचं म्हणजे कोंबडे, मांजर आणि दर्या सगळे खोटे पडले असते. तो म्हणाला, “तुका तेल व्हया होता, दिलंय.” ती उठली, तराजू पिशवीत घातला आणि बांगडा तव्यावर असताना निघून गेली. त्या दिवशी मांजराला अख्खा बांगडा मिळाला, आणि गुरुदास उपाशी निजला.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिचा नंबर होता, पण फोन करून सांगायचं काय? बुधवारी तो सवयीने पडवी सारवायचा आणि गुरुवारी ती पडवी कोंबड्या उकरायच्या. एसटी वळणावर थांबली की त्याची मान वळायची. पर्यटक उतरायचे, स्कूबाचा रस्ता विचारायचे, तो दाखवायचा. मनाशी कबूल करायलाही त्याला जड गेलं, पण सावित्री गेल्यावर जेवढं घर रिकामं वाटलं नव्हतं तेवढं ते आता वाटत होतं. तेव्हा माणसं तरी येऊन बसली होती. एका सकाळी तो शेवटच्या उंडीखाली गेला. त्या वर्षीच्या स्वतःच्या झाडांच्या बियांचं तेल, पहिल्या घाण्याचं, बाटलीत तसंच होतं. गुरुवारांच्या गडबडीत दिवा लावायचा राहून गेला होता, आणि आता त्याला धीर होत नव्हता. लबाडी करून वर देवाला कुठल्या तोंडाने हाक मारणार?

शिमगा तोंडावर आला असताना प्राजक्ता आली, गुरुवार नसताना. चप्पल काढून सरळ पडवीत बसली.

“काकानू, परत सगळा मोजलंय,” ती म्हणाली. “टेम्पो धरून, लाकूड धरून.”

“काय इला?”

“आपल्याच झाडाखालचा, उन्हात सुकवलेला आसात तर तुमचा तेल डिझेलपेक्षा बरा. लय बरा. पण लांबसून हाडला आनी लाकडार भाजला की फरक जवळजवळ ऱ्हवना नाय. म्हंजे मोठी योजना जावची नाय. कॉलेजान बंद केल्यानी.” ती थांबली. “मी आता वेंगुर्ल्याक काजूच्या टरफलांचा काम करतलंय. ह्या सांगूक इलंय. फोनार सांगूचा वाटला नाय.”

गुरुदास मान हलवत राहिला. त्याच्या तेलाचा निकाल लागला होता आणि गुरुवारचाही. रागवायला काही जागाच नव्हती. पोरीने खरं मोजलं होतं आणि ते सांगायला एवढ्या लांब आली होती.

“मगे थांब जरा,” तो म्हणाला. “दिवो लावचो ऱ्हवलो आसा.”

ती त्याच्यामागून उंडीखाली आली. त्याने पणतीत तेल ओतलं, वात पेटवली. हात जोडले. नेहमीसारखं तोंड उघडलं, आणि या खेपेला ते मिटलं नाही.

“बा राखणदारा म्हाराजा! सालाबादचो दिवो उशिरान लावलंय, ता पदरात घे रे म्हाराजा!”

मग मागून, आंबोलीच्या धुक्यात वाढलेल्या गळ्यातून, स्पष्ट आवाज आला, “व्हय म्हाराजा!”

गुरुदासने वळून पाहिलं नाही.

“माज्याकडसून लबाडी झाली, ह्या चेडवाचो हिशोब चुकवलंय, ता पोटात घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मग तो थांबेचना. झाडांसाठी मागितलं, वाघळांसाठी मागितलं. मुंबईतल्या लेकासाठी, त्याच्या मीटिंगांसाठी. फायबरच्या होड्या, डिझेलची इंजिनं, भाईचा टेम्पो, खांबापाठचा कोळसा, वेंगुर्ल्याचे काजू, कुणाला म्हणून त्याने वगळलं नाही. बोलणं संपलं की होकार संपणार, आणि होकार संपला की एसटी, हे त्याला ठाऊक होतं. ती प्रत्येक वेळी न कंटाळता म्हणत होती, “व्हय म्हाराजा!” शेवटी मागण्यासारखं काहीच उरलं नाही. तो नुसताच उभा राहिला.

“काकानू, एक ऱ्हवला,” प्राजक्ता म्हणाली. ती पुढे येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली, हात जोडले आणि आवाज चढवला.

“बा राखणदारा म्हाराजा! हो तुजो गुरुदास एकटो आसा. लय एकटो आसा. कोणाक सांगना नाय. तेका सांबाळ रे म्हाराजा!”

पणतीची वात तडतडली. वर पानांत वाघूळ हललं. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतः होकार भरायचा नसतो आणि तिथे दुसरं कुणीच नव्हतं. प्राजक्ता डोळे मिटून वाट पाहत राहिली.

गुरुदासने पुन्हा हात जोडले.

“व्हय,” तो म्हणाला. “व्हय म्हाराजा.”