पातेल्याची दुसरी बाजू

दौलत केणीला कोपरमध्ये सगळे केबलवाला म्हणत. लोकांनी आपल्याला पुढाऱ्यांचा नातू म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

पुढारी म्हणजे त्याच्या आजोबांचे थोरले भाऊ, गुणाजी. तीस साली खाडीकाठच्या गावांनी बेकायदा मीठ केलं, तेव्हा पहिली चूल त्यांनी पेटवली. पुढे मिठागरातल्या मजुरांचे संप चालवले, दोनदा तुरुंगात गेले आणि लग्न न करताच वारले. त्यांचा पुतळा नाही. फोटो एकच, तोही पाठमोरा.

दौलत वागळे इस्टेटमध्ये फिटर होता. कंपनीला टाळं लागलं. हाती आलेल्या पैशांतून त्याने दोन व्हीसीआर आणि वायरीची भेंडोळी घेतली आणि आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत कंट्रोल रूम थाटली. "आजोबा मिठाचा कायदा मोडून आत गेले," तो म्हणायचा. "मी पिक्चरची कॉपी दाखवून जाईन. घराण्याचं नाव राखायला नको?"

पंच्याण्णव साली त्याने एक गोष्ट काढली. रविवारी दुपारच्या पिक्चरआधी अर्धा तास गुणाजींचं संग्रहालय. इमारत नाही, कपाटं नाहीत. ज्याच्या घरी पुढाऱ्यांची वस्तू असेल त्याने ती आणायची, कॅमेऱ्यासमोर ठेवायची, चार शब्द बोलायचे आणि वस्तू परत घरी न्यायची. आज याला आभासी संग्रहालय म्हणतात. आम्ही केबलवरचं म्युझियम म्हणत होतो आणि प्रेक्षक 'ते संपलं की पिक्चर लागतो ते' म्हणत होते.

आम्ही म्हणजे दौलत आणि मी. मी पेपरात होतो, म्हणून निवेदन माझ्याकडे. पहिल्या रविवारी मी ते अशा सुरात वाचलं की खालच्या मजल्यावरच्या बाई कोण गेलं म्हणून विचारायला वर आल्या.

पहिली वस्तू दौलतच्या घरचीच होती. जाड बुडाचं पितळी पातेलं. याच पातेल्यात गुणाजींनी खाडीचं पाणी उकळून मीठ काढलं होतं. एरवी ते दौलतची आई मालन हिच्या स्वयंपाकघरात असायचं. दर रविवारी मात्र कंट्रोल रूममधल्या टेबलामागच्या फळीवर मांडलेलं. 'स्वातंत्र्याची चव या पात्रात शिजली,' असं मी लिहिलं आणि स्वतःवर खूश झालो. पातेल्याची पोचा आलेली बाजूच दरवेळी पुढे का असते, हे मात्र विचारलं नाही.

लोक येऊ लागले. पुढाऱ्यांच्या तीन काठ्या आल्या. त्यातली एक ॲल्युमिनियमची होती. एका बाईंनी खुर्ची आणली. तिच्यावर पुढारी बसले नव्हते. 'घाई आहे, बसत नाही,' असं म्हणाले होते. मी ती नको म्हटली. दौलत म्हणाला, "आणलं ते दाखवायचं. कुणाचं खरं, कुणाचं खोटं, ते ठरवणारे आपण कोण?" खुर्ची दाखवली.

मग एका रविवारी रुळांपलीकडच्या गावातून बायजामावशी आल्या. पंचाहत्तरी उलटलेल्या. पिशवीतून त्यांनी एक पितळी झाकण काढलं.

"काय आणलंत, मावशी?" दौलतने विचारलं.

"झाकन."

"पुढाऱ्यांचं?"

"पुढाऱ्याचा कशाला? माझे सासूचा. पुढाऱ्यान पातेला नेला, मीठ करायला. झाकन नको बोलला, वाफ जाया पायजे. तवापासून झाकन माझे घरान हाय, पातेला नाय. कनच्याच टोपाला बसत नाय ते." त्यांनी झाकण कॅमेऱ्यासमोर धरलं. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं: राघो पाटील. "माझा सासरा."

आणि त्यांची नजर फळीवर गेली.

"तो फिरव."

दौलतचा हात व्हीसीआरच्या बटणावर होता. तो माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "पिक्चर लावू?"

माईक माझ्या गळ्यात होता. साऱ्या कोपरने ते ऐकलं.

"पिक्चर मंग लाव," बायजामावशी म्हणाल्या. "पयला पातेला फिरव."

त्याने फिरवलं. तसेच ठिपके, तेच नाव. मावशींनी झाकण ठेवलं. ते टक् करून बसलं. मी काहीच बोललो नाही. माझं सगळ्यात बरं निवेदन तेच होतं, असं नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं.

"आई सांगायची, लोकांनी प्रेमानं दिलं," दौलत म्हणाला.

"दिला नाय रे बाबा, नेला. मीठ झाल्यावर देतो बोलला, तवर पोलिसांनी त्यालाच नेला."

मावशी पातेलं घेऊन गेल्या. आम्ही खाली दौलतच्या घरी आलो तेव्हा मालनकाकू टीव्हीसमोरच बसून होत्या. स्वयंपाकघरातली कढई, घागर, दोन परातीही त्यांनी उतरवून ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर वेगळं नाव. दौलत त्यांच्यासमोर फतकल मारून बसला. पुढाऱ्यांचा नातू म्हणून दाखवायला त्याच्यापाशी होतं ते एवढंच.

"ठेव झाकून," मी म्हणालो. "बायजामावशींचं मिटलं. बाकीच्यांना कुठे आठवतंय?"

"आणलं ते दाखवायचं, हा रूल माझाच ना?" तो म्हणाला.

पुढच्या रविवारी सगळी भांडी टेबलावर मांडली, नावं पुढे करून. निवेदन त्याने माझ्याकडून काढून घेतलं. "आमच्या घराण्याने मिठाच्या सत्याग्रहात एवढं मिळवलं," तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला. "ज्याचं त्याने घेऊन जावं."

मालनकाकू बोलावल्याशिवाय आत आल्या. "मीठ पुढाऱ्यांनी केलं. ही भांडी लग्न झाल्यापासून मी घासली. तेपण म्युझियममध्ये घाला." घातलं.

आठवडाभर लोक येऊन आपापली भांडी नेत होते. परातींना मात्र कुणी वाली मिळाला नाही. त्या अजून काकूंकडे आहेत. त्यानंतर काठ्या आणि खुर्च्या आणणाऱ्यांची गर्दी ओसरली. आपली वस्तू कुणीतरी फिरवायला लावेल, अशी धास्ती बऱ्याच घरांना असावी.

एप्रिलमध्ये मीठ उचलल्याचा दिवस आला. त्या दिवशी पातेलं पडद्यावर हवंच, म्हणून दौलत आणि मी बायजामावशींकडे गेलो. पातेल्यात सुकटीचं कालवण होतं. त्यांनी ते दुसऱ्या टोपात ओतलं, पातेलं घासून दिलं आणि झाकण स्वतःपाशी ठेवलं.

"झाकन र्‍हवदे. पातेला आनशील परत, तवा बसवू."

आतून सुनेने विचारलं, "कोन आयलाय?"

"पुढाऱ्याचा नातू आयलाय," मावशी ओरडून म्हणाल्या. "पातेला न्यायला."