यादी केली, पण ठेवली नाही

शेचाळिसाव्या वर्षी माणसाने काय शिकावं? पोहणं शिकावं, पेटी शिकावी. मी फंक्शनल प्रोग्रामिंग नावाची कोड लिहायची नवी पद्धत शिकलो. वीस वर्षं हॉस्पिटलांच्या ड्युटीच्या याद्यांचं सॉफ्टवेअर लिहून हात चांगला बसला होता. तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं आणि माझ्या अंगातच आलं.

त्यातला एक नियम मला भारी आवडला. एकदा बनवलेली माहिती बदलायची नाही. यादीतलं एक नाव बदलायचं असलं, तरी जुनी तशीच ठेवून बदलासकट नवी करायची. म्हणजे कोण मधेच काय खोडून गेलं, ही भानगडच नको. नियम चांगलाच आहे हो, पण मी तो इतका ऐकवला की ऑफिसात मला 'महाराज' म्हणायला लागले. मला वाटायचं, आदराने म्हणतात.

शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली जुन्या पद्धतीनेच लिहायची. मी नाक मुरडायचो, "अजून हेच?" ती म्हणायची, "चालतंय ना?"

साहेबांच्या मागे लागून सुट्टी मंजूर करण्याचा भाग मी नव्याने लिहिला. शंभर ओळींच्या बारा केल्या आणि जेवताना बायकोला वाचून दाखवल्या. ती नर्स आहे, तिच्या हॉस्पिटलात आमचंच सॉफ्टवेअर चालतं. ती म्हणाली, "भाजी वाढू?"

पुढच्याच आठवड्यात तिच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तिने मोबाइलवर सुट्टी टाकली आणि गेली. इकडे यादीत तिचं नाव तसंच, त्यामुळे बदली कोणी आलंच नाही. बावीस पेशंट एकाच नर्सवर पडले. मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर तिला झापलं आणि न सांगता गैरहजर म्हणून मेमो दिला. पंधरा वर्षांतला पहिला.

"'मंजूर' असं आलं होतं रे," ती रडवेली होऊन म्हणाली.

आणि मी? उचलली जीभ लावली टाळ्याला! "तू बटण नीट दाबलं नसशील. माझ्या कोडमध्ये काही बदलतच नाही, तर चुकेल कसं?"

ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचंच चुकलं हे सिद्ध करायला मी कोड उघडून बसलो. दोन तास काही सापडेना. शेवटी चष्मेवाली मागून म्हणाली, "महाराज, नवी यादी केलीत. ती ठेवलीत कुठे?"

कुठेच नाही! नवीकोरी यादी करून मी ती तिथेच सोडून देत होतो, आणि सगळ्यांना दिसत होती जुनीच. जुन्या पद्धतीत तीच यादी खोडून बदलतात, तिथे ही चूक ठरवून करायची म्हटली तरी जमली नसती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. चष्मेवाली हसली नाही, ते जास्त लागलं. "बारा ओळी चांगल्या आहेत," ती म्हणाली, "फक्त तेरावी टाका."

ती टाकली आणि तडक मेट्रनबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "मी सगळ्यांसमोर बोलले होते. तुम्हीही सगळ्यांसमोर सांगा." तीस नर्सेसपुढे उभा राहून मी चूक कबूल केली. बाईंनी मेमो फाडला.

घरी जाताना मी बायकोला म्हटलं, "मिटलं ना आता?"

"मेमोचं मिटलं," ती म्हणाली. "'मंजूर' आलं होतं हे मी सांगितलं, तेव्हा तू मोबाइल दाखव असंही म्हणाला नाहीस. ऑफिसातल्या चष्मेवालीने सांगितलं, लगेच पटलं."

मला फार लाज वाटली. तसं तिला म्हणालोही.

"वाटू दे," ती म्हणाली.