विलास गेल्यावर अडीच महिन्यांनी पाहिलेलं नाटक

गेल्या रविवारी संध्याकाळी पाचला मी आणि माझ्या सासूबाई इंदिरानगरच्या एका हॉलमध्ये विनोदी नाटक बघायला गेलो. माझा नवरा विलास जाऊन अडीच महिने झाले होते. सकाळी फिरायला गेला, तो परत आलाच नाही...

हे मुद्दाम लिहितेय. आमचा नाटकातला हसतानाचा फोटो कोणीतरी कॉलनीच्या ग्रुपवर टाकला आणि तेव्हापासून मला फोन येतायत. मनमाडच्या चुलत दिरांनी तर ऐकवलं, "वहिनी, निदान वर्ष तरी होऊ द्यायचं." प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच सांगते.

तिकिटं शेजारच्यांनी आणून दिली होती. मी नकोच म्हणणार होते. पण घरात टीव्हीसुद्धा लागत नव्हता आणि ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई दिवसभर भिंतीकडे बघत बसायच्या... त्याच म्हणाल्या, "चल, जाऊन येऊ."

नाटक कॉलनीतल्या हौशी मंडळींचं. पहिल्याच अंकात इन्स्पेक्टर झालेल्या काकांचा पट्टा स्टेजवर तुटला. बिचारे एका हाताने पँट सावरत चोराला दम देत होते. चोर शांतपणे म्हणाला, "साहेब, मला नंतर धरा, आधी ती नीट धरा."

मी हसले... पोट दुखेपर्यंत हसले. शेजारी सासूबाई तोंडाला पदर लावून गदगदत होत्या.

मध्यंतरात चहा घेताना आमच्या गल्लीतल्या एक बाई भेटल्या. "अगं, तू इथे? इतक्यात?" मग सासूबाईंकडे बघत म्हणाल्या, "आजींना तरी घरी ठेवायचंस."

चोरी करताना पकडल्यासारखं झालं मला. चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि म्हटलं, "आई, चला, घरी जाऊ."

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या मूळच्या येवल्याकडच्या, बोलणं अजून तिकडचंच. त्या बाईंना म्हणाल्या, "पोर माझं गेलंय, बाई. मी हसायचं का नाय, ते मी ठरवीन. अन् हिचं ही ठरवंल." मग माझ्याकडे वळून, "तू चहा पी. मला पुढचा अंक बघायचाय."

बाई आपला कप घेऊन निघून गेल्या. खरं सांगायचं तर दुसरा अंक बराच रटाळ होता... तरी आम्ही पडदा पडेपर्यंत बसलो, टाळ्याही वाजवल्या.

घरी आल्यावर सासूबाईंनी कितीतरी दिवसांनी भाकरी मागून घेतली. दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "विलास असता तर लय हसला असता." मग मात्र दोघींनाही आवरलं नाही. ताटं पुढ्यात तशीच, आणि आम्ही एकमेकींना धरून रडलो...

आई फेसबुक बघत नाहीत, तरी लिहिते... त्या दिवशी मध्यंतरात त्या माझ्याबरोबर घरी निघाल्या असत्या तर मी पुन्हा कुठे जायची हिंमत केली नसती. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर.

आणि फोन करणाऱ्यांसाठी एवढंच... त्या संध्याकाळी आम्ही कोणाला विचारून रडलो नाही. हसायलाही विचारणार नाही.