धोंड्याच्या महिन्यातला बकासुर

आमच्या गावच्या नाटकात बकासुर मरायला तयार नव्हता, आणि त्याला मारायला आमचं घर तयार नव्हतं.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली. रझाकारांची धामधूम अजून सुरू व्हायची होती. उन्हाळ्यात आमच्याकडे माणसाला दुसरा उद्योग नसे. जवारी कणगीत पडलेली, कापूस विकलेला आणि खळी मोकळी. अशाच एका मोकळ्या खळ्यावर आमचं गाव दर उन्हाळ्यात एक नाटक करायचं. बघणाऱ्याला तिकीट नव्हतं आणि करणाऱ्याला मोबदला नव्हता. फुकट म्हणून अख्खं गाव यायचं, तांड्यावरची माणसं लेकराबाळांसकट यायची, आणि फुकट म्हणूनच नाटकात मधे बोलायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे असं प्रत्येकाला वाटायचं!

नाटक बसवायचे रहीमचाचा पिंजारी. गाद्या भरणारा माणूस दाढ्या-मिशा करू शकतो, गदा करू शकतो आणि उरलेल्या वेळात सगळ्यांची भाषणंही पाठ करू शकतो, हे गावानं फार पूर्वीच ओळखलं होतं. त्या वर्षी बकासुरवध ठरला. भीम मी! (हसू नका.) माझ्या दंडाचं माप घेताना शिंपी दोनदा विचारायचा की हा दंडच आहे ना. पण बकासुराकडे अन्नाचा गाडा न्यायचा असतो, गाडी-बैल आमचे होते, आणि ज्याची गाडी त्याचा भीम, असा न्याय पंचांनी केला. रहीमचाचांनी माझ्या बंडीत छातीपाशी आणि दंडांत मिळून एक अख्खी उशी भरली आणि म्हणाले, "अब देख, कैसा पैलवान दिखता!"

हिंगोलीच्या अमीनसाहेबांनी, म्हणजे तिथल्या फौजदारानं, परवानगी देताना एक अट घातली होती. नाटक सूर्य मावळायच्या आत संपलं पाहिजे. अंधारात जमलेली रयत काय बोलत असेल याची सरकारला काळजी वाटायची. त्यामुळे आमचं नाटक भर उन्हात, आणि राखणीला एक जवान खळ्याच्या कडेला खुर्ची टाकून बसलेला. नाटक लांबलं तर रहीमचाचांना हिंगोलीला घेऊन जाईन, असं त्यानं आल्याआल्याच सांगून टाकलं होतं.

इथवर सगळं ठीक होतं. पण त्या उन्हाळ्यात अधिक महिना आला होता, आणि नाटकाच्याच दिवशी आमचे दाजी धोंडे जेवायला आले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, गोदाक्काचे मालक. त्यांचं गाव सेनगावच्या पलीकडं. मागच्या दिवाळीनंतर चुलतबहिणीच्या लग्नात पंगतीत वाढता वाढता तूप बरोबर दाजींच्या पानापाशी येऊन संपलं होतं. दाजी भरल्या पानावरून उठले, गाडी जुंपली आणि एकटेच निघून गेले. त्यांचं म्हणणं, बायकोला यायचं असेल तर ती आपणहून येईल. गोदाक्काचं म्हणणं, टाकून गेले त्यांनी बोलवायला यावं. तेव्हापासून अक्का आमच्याकडेच होती. दिवसा हसायची, बोलायची, आणि संध्याकाळी सेनगावच्या वाटेकडं तोंड करून गहू निवडायची. आईचं अर्धं रक्त त्या काळजीनंच आटलं होतं.

आता धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला पुरणाचे धोंडे घालायचे, वाण द्यायचं, पाया पडायचं. दाजी आले, जेवले, तुपाची वाटी तर आईनं त्यांच्या पानात उपडीच केली. पण अक्काचं नाव त्यांनी काढलं नाही. अक्कानंही वाढताना पाठ फिरवूनच वाढलं. बाबांनी मला माजघरात ओढलं.

"दिग्या, हे बघ. आज हा माणूस पोरीला न घेता गेला तर मग पुन्हा येत न्हाई. ते जे मागतील त्याला व्हय म्हनायचं. न्हाई हा शब्द आज घरात न्हाई!"

तेवढ्यात अंगणातून हाका आल्या. बकासुराचं काम करणाऱ्या सखारामाला घोंगडं पांघरून तालीम करता करता ऊन लागलं होतं, आणि तो गोठ्यात डोक्यावर ओला पंचा घेऊन पडला होता. रहीमचाचा कपाळ धरून उभे होते.

दाजींनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "बकासुर म्हंजे तो खाणारा ना? मी करतो की."

आमच्या घरात न्हाई हा शब्द नव्हता!

नाटक सुरू झालं तेव्हा बायकांच्या बाजूला आई आणि गोदाक्का, पुरुषांत पुढं बाबा, आणि वर आगीचा गोळा. दाजी धिप्पाड माणूस. अंगावर काळं घोंगडं, डोक्याला म्हशीची शिंगं, तोंडाला काजळ. ते आले तसं पुढची सगळी पोरं पळून आयांच्या मागं गेली. खळं दणाणलं. दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या टाळ्या ऐकल्या, आणि तिथंच ते हातातून गेले. रहीमचाचांनी मागून वाक्य सांगितलं, आणि दाजी गर्जले:

"आज तीन दिस झाले! पोटात अन्नाचा कण न्हाई! भुकेनं जीव चाललाय माझा!"

आणि लगेच एक मोठी ढेकर दिली.

लोक हसले. पण बायकांच्या बाजूनं हुंदका आला. आईनं पदर डोळ्याला लावला होता. आमच्यात सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. दाराआडून, दुसऱ्याला सांगून बोलते. पण चारचौघांत, भर सासरवाडीत, अख्ख्या गावासमोर जावई उपाशी असल्याचं सांगतो म्हटल्यावर ती बिचारी रीत विसरली.

"आवो, आसं काहून बोलता? आत्ता तर जेवले! बारा धोंडे वाढले मी सोत्ता!"

"माय, ते नाटकातलं हाय!" मी मागून ओरडलो.

"नाटकात तरी खोटं काहून बोलावं मान्सानं?"

आणि तिनं शेजारच्या पोरीला घरी पिटाळलं. ती पोरगी धोंड्यांचं ताट घेऊन आली आणि तिनं ते थेट बकासुरापुढं ठेवलं. सासूनं पाठवलेलं ताट परत करायचं नसतं. दाजींनी खाली बसून, पाणी फिरवून, चार धोंडे खाल्ले. लोक इतके खूश झाले की कुणीतरी लोणचंही आणून दिलं. मी विंगेत, म्हणजे कडब्याच्या पेंढ्यांमागं, गाडीत बसून वाट बघत होतो. माझं सगळं काम बकासुराचं अन्न खाऊन त्याला चिडवायचं होतं, आणि माझी आईच त्याला जेवू घालत होती!

शेवटी माझी गाडी निघाली. एव्हाना घामानं माझ्या छातीतला कापूस ओला होऊन खाली उतरला होता. खळ्यावर आलो तेव्हा छाती सपाट आणि पोट हे एवढं. भीम सातव्या महिन्यात होता. एका म्हातारीनं मोठ्यानं विचारलं, "ही कुंती का गं?" गोदाक्का पदरात तोंड खुपसून हसत होती, ते मला स्पष्ट दिसलं. दिवाळीनंतर मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. त्याही परिस्थितीत मला बरं वाटलं.

मी गाडीतली भाकरी खाल्ली. बकासुर चिडला. (म्हणजे रहीमचाचांनी त्याला सांगितलं की आता चिड.) त्यानं माझ्या पाठीत दोन बुक्क्या घातल्या, त्या मात्र अस्सल होत्या. मग मी गदा उचलली. आतून कापूस, वरून रंगवलेलं फडकं. माशीसुद्धा मेली नसती. मी ती फिरवली तोच पुरुषांतून बाबा ताडकन उभे राहिले.

"दिग्या! खबरदार! जावयावर हात उचलतो?"

"बाबा, बकासुर हाय!"

"बकासुर आसंल तुझ्या घरी! माझ्या घरी जावाई हाय!"

(आमचं घर एकच होतं. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.)

आई ओरडली, "नारायण हाय रं तो! धोंड्याचा म्हैना हाय! पाया पड आधी!"

मी गदा खाली ठेवली आणि भीमानं बकासुराच्या पायांवर डोकं टेकलं. दाजींनी सवयीनं आशीर्वाद दिला, "सुखी ऱ्हा." खळ्यावर टाळ्यांचा पाऊस! जवान खुर्चीतून पुढं वाकून रहीमचाचांना विचारू लागला, "चाचा, ये कौनसी कहानी है? हमारे तरफ तो इसकू मारते."

"हमारे तरफ बी मारते, साब," रहीमचाचा रडवेल्या आवाजात म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "अरे मार ना उसकू! सूरज देख!"

सूर्य बाभळीच्या शेंड्यांवर आला होता. मी दाजींच्या जवळ गेलो, कुस्ती धरल्यासारखं केलं आणि कानात म्हणालो, "दाजी, मी हात बी लावत न्हाई. तुमी नुसते पडा."

"कुठं पडू?"

"खाली. मरून."

"सासरवाडीत? एवढ्या मान्सांपुढं आडवा होऊ? उद्या आमच्या गावात तोंड दाखवू का नको?"

"चाचाला हिंगोलीला नेतील, दाजी!"

"मग तूच मर."

हा उपाय मी क्षणभर खरोखर विचारात घेतला. पण भीम मेला तर पुढचं सगळं महाभारत अडतं. आम्ही तसेच एकमेकांना धरून गोल फिरत राहिलो. एक फेरी, दुसरी फेरी, लोक ताल धरायला लागले. इकडं जवान उठून कमरेचा पट्टा आवळत होता. बाबांचा चेहरा बघवत नव्हता. आता नाटक मोडणार, दाजी रागावणार, गाडी जुंपून एकटेच जाणार, हे त्यांना दिसत होतं, आणि खरं सांगतो, मलाही दिसत होतं.

तेव्हा गोदाक्का उठली.

तिच्या काखेत बोचकं होतं. सगळा वेळ ती ते मांडीखाली घेऊन बसली होती, आणि शेजारणींना वाटलं बसायला घेतलंय. पदर सारखा करून ती सरळ खळ्याच्या मधून, माझ्या आणि बकासुराच्या मधून चालत गेली. दाजींची गाडी पलीकडं बाभळीखाली सोडलेली होती. नवऱ्याकडं तिनं बघितलंही नाही. बोलली ती माझ्याशी.

"दिगू, तुझ्या दाजीला सांग, अंधार पडायच्या आत नदी उतराया पायजे. मी गाडीत बसते."

आणि जाऊन बसली. बोचकं पुढं, तोंड सेनगावच्या वाटेकडं.

दाजी शिंगांखालून गाडीकडं बघत राहिले. काजळातून घामाचा एक ओघळ खाली आला. (मी घामाचाच म्हणतो. तेही घामाचाच म्हणत.) मग त्यांनी माझी बंडी धरून मला गदागदा हलवलं.

"मार!"

"आं?"

"मार म्हंतो ना! बिगीनं मार, उशीर होऊन राहिला!"

"पण दाजी, मान..."

"मान ऱ्हाऊ दे! मार!"

मी बाबांकडं पाहिलं. बाबा रडत होते आणि हसत होते. दोन्ही हात वर करून ते ओरडले, "मार रं लेकरा, मार! जावाई म्हंतात तर मार!"

"हळू मार!" आई म्हणाली.

मी गदा डोक्यावर नेली. तिचा दांडा माझ्या हातात राहिला आणि गोळा मागं उडून जवानाच्या मांडीवर पडला. मी नुसता दांडा घेऊन उभा. पण दाजी थांबले नाहीत. "मेलो! मेलो!" असं दोनदा ओरडून ते खळ्यावर पसरले, एकदा पाय झाडले, आणि टाळी पडायच्या आत उठून गाडीकडं पळत सुटले. मेलेला बकासुर घोंगडं सावरत बैल जुंपतोय आणि सासू वाणाचं ताट घेऊन त्याच्यामागं धावतेय, असा शेवट कुठल्याही पुराणात नसेल. जवान पोट धरून हसत होता. त्यानं कापसाचा गोळा रहीमचाचांना परत दिला आणि म्हणाला, "चलो, टाइम में खतम हो गया." सूर्य अजून पुरता बुडाला नव्हता.

गाडी वळणाआड गेली तेव्हा दाजींच्या डोक्यावर शिंगं तशीच होती आणि अक्का ती सोडवायचा प्रयत्न करत होती. बाबा खळ्यावरच बसले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी एक लांब श्वास सोडला, आणि म्हणाले, "गेली बाबा पोर आपल्या घरी." त्या दिवशी आमच्या घरात सगळ्यांना सारखी भूक लागली, पण धोंडे काही उरले नव्हते. आईनं पिठलं टाकलं. तेवढं गोड पिठलं मी पुन्हा खाल्लं नाही.

दाजी पुढं कितीदातरी आले. आले की चारचौघांत एक गोष्ट हमखास सांगायचे: "दिगूनं मला मारलं न्हाई. मी आपणहून मेलो." आणि मी म्हणायचो, "बराबर हाय, दाजी." कारण ते खरंच होतं. आयुष्यात एकदाच माझ्या वाट्याला राक्षस आला, आणि तो माझ्या बहिणीनं बसल्या जागेवरून उठून मारला. मला वाटलं होतं, निदान गाव तरी मला भीम म्हणेल. गावानं नाव दिलं, नाही असं नाही. अजून त्याच नावानं हाक मारतात. बकासुराचा साळा!