न चालणारे बूट

शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाले, तरी मैदान सुटलं नाही. जिल्ह्याच्या स्पर्धा असल्या की मला पंच म्हणून बोलावतात आणि कॉल रूममध्ये बसवतात. शर्यतीआधी मुली तिथे येतात, मी त्यांचे चेस्ट नंबर बघते आणि बूट उलटे करून तळव्याची जाडी मोजते. आयुष्यभर मुलींना पळायला शिकवलं आणि आता त्यांचे जोडे तपासतेय. यावर घरात जेवढे विनोद व्हायचे तेवढे होऊन गेलेत.

जाडी मोजायचं कारण जगभर गाजलंय. बुटाच्या तळव्यात हल्ली कार्बनची पट्टी असते आणि तिच्या वरखाली जाड फोम. पाऊल टेकलं की बूटच पुढे ढकलतो. मग पळालं कोण, पाय की बूट, यावर खूप भांडणं झाली आणि शेवटी नियम आला. रस्त्यावरच्या शर्यतीत जाड तळवा चालेल, ट्रॅकवर त्याच्या निम्माच. पट्टी मात्र दोन्हीकडे चालते. म्हणजे पातळ तळव्यात पट्टी बसवलेले महागडे स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, घेतले की झालात तुम्ही प्रामाणिक. हा नियम सगळ्यांना समान संधी मिळावी म्हणून आहे, असं आम्हा पंचांना शिबिरात सांगितलं होतं. चहा चांगला होता शिबिरात.

गेल्या मार्चमध्ये निवड चाचणी होती. तीन हजार मीटरमधल्या पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला जाणार होत्या. मांजरी गावाहून एक मुलगी आईला घेऊन आली होती. आई तिकडच्या नव्या सोसायट्यांमध्ये पोळ्या करते. नंबर लिहून घेईपर्यंत तिने मला सगळं सांगून टाकलं. मुलगी राज्याला खेळली तर खेळाच्या कोट्यातून कॉलेजात प्रवेश होणार होता. नाही तर बारावी झाली की पोरगी आईबरोबर पोळ्यांना जाणार, हे घरात ठरलेलं होतं.

मुलीने बूट माझ्यापुढे ठेवले. पोपटी रंगाचे, तळवा चांगला पावाच्या लादीएवढा. आई जिथे पोळ्या करते त्या घरातल्या आयटीवाल्या मॅडमनी ते एक मॅरेथॉन पळण्यासाठी घेतले होते. पळून झाल्यावर त्यांचा उत्साह संपला आणि बूट हिला मिळाले. चांगल्या मनाने दिले होते त्यांनी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कित्येक महिने ही मुलगी तेच घालून कालव्याच्या कडेने पळत होती. मॅडमकडे चणे होते, हिच्याकडे दात. कधी नव्हे ते दोन्ही एकत्र आले, तर माझं माप आडवं आलं.

"हे चालत नाहीत गं," मी म्हटलं.

"चालत नाहीत बाई, पळतात," ती हसून म्हणाली. मग माझा चेहरा बघितला आणि तिचं हसू गेलं.

"दुसरे आणलेस?"

तिने दाराशी काढलेल्या चपलांकडे बघितलं.

आई पुढे आली. "बाई, ह्ये लई चांगल्यातले हायेत. फाटल्यालं न्हाई, काय न्हाई."

"चांगल्यातले आहेत म्हणूनच चालत नाहीत," मी म्हटलं. वाक्य अगदी नियमाला धरून होतं आणि ते बोलताना मला माझीच लाज वाटली.

शेजारचे पंच पुटपुटले, "सोडा ना बाई." सोडलं असतं, पण एका अकादमीचे कोच दारात मोबाइल धरून उभेच होते. ती पळाली असती आणि संपताक्षणी हरकत येऊन बाद झाली असती. त्या अकादमीतल्या धायरीच्या एका मुलीकडे स्पाइक्सचे दोन जोड होते, दोन्ही नियमात बसणारे. ती बिचारी दुसरा जोड काढायला बॅगेत वाकलीसुद्धा. तिचे वडील म्हणाले, "अगं, दुसऱ्याच्या पायाने बूट सैल होतात." तिने बॅगेची चेन लावली.

"अनवाणी चालतं का, बाई?" मांजरीच्या मुलीने विचारलं.

अनवाणी चालतं. नियमांचं हे एक बरं आहे.

शर्यत सकाळी लवकर होती, पण प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते झेंडा दाखवायचा होता. आमच्याकडे पाहुणे उशिरा येतात आणि ऊन वेळेवर. सिंथेटिक ट्रॅक तव्यासारखा तापला. तरी पोरगी पुढे होती, निम्म्याहून जास्त शर्यत पुढे होती. मग तिचं पाऊल बदललं. ती टाच उचलून, पायाच्या कडेवर पळायला लागली. मी सगळे नियम विसरून कुंपणाशी उभी राहून ओरडत होते. शेवटच्या वळणावर धायरीची पुढे गेली, सरळ पट्टीत आणखी एक गेली. ही तिसरी आली. आईने तिला गवतावर बसवलं आणि बाटलीतलं पाणी तिच्या तळव्यांवर ओतलं. तळव्यांची कातडी सुटली होती.

बक्षीस समारंभात पाहुण्यांनी पहिल्या दोघींना पदकं घातली आणि भाषण मात्र तिसरीवर केलं. "आमच्या काळी कुठे होते बूट? या मुलीने दाखवून दिलं, जिद्द असली की काही लागत नाही!" टाळ्या पडल्या. तिला पुढे बोलावलं. फोटोग्राफरने पाऊल जरा उचलून धरायला सांगितलं, फोड दिसायला हवेत म्हणून. तिने धरलं. एवढ्यावर न थांबता पाहुण्यांनी तिला नवे बूट जाहीर केले. मला संताप आला होता, पण व्यासपीठावर माझ्याही गळ्यात आयोजकांचा बिल्ला होता आणि मी खाली बघत बसले.

वरातीमागून घोडं यावं तसे ते बूट पुढे मे महिन्यात आले. खोकं माझ्याकडे पाठवलं होतं, म्हणून तिला मैदानावर बोलावून घेतलं. ती दुपारची, कामं आटोपून आली. मनगटाला पीठ तसंच होतं.

तिने खोकं उघडलं. नवेकोरे, भारी कंपनीचे. तिने एक बूट उलटा केला आणि तळवा चिमटीत धरून जाडी बघितली, अगदी मी बघते तशी.

"नाही चालणार ना?"

"ट्रॅकवर नाही."

तिने बूट परत ठेवला, वरचा पातळ कागद नीट केला.

"आईला दिले असते," ती म्हणाली. "दिवसभर उभं राहून तिच्या टाचा ठणकतात. पण लोकांच्या किचनमध्ये बूट चालत नाहीत, बाई."