मराठीतला ब्रेक

मंडळी, ही मेल रागातच लिहितोय.

आज ऑफिसच्या जीपमागे साइटवर मुक्कामाला राहायचा ट्रेलर जोडून कानपूरहून लखनौला परतत होतो. निघतानाच ड्रायव्हरला बजावलं, "भैया, चालीस से ऊपर नहीं."

"अरे साहब, ट्रेलर में कौन बैठा है!" म्हणत तो सत्तरवर गेला.

पुलाच्या उतारावर ट्रेलर डोलायला लागला. अशा वेळी ब्रेक मारायचा नसतो, नुसता ॲक्सिलरेटर सोडायचा. घाबरून माझ्या तोंडून मराठीच निघालं, "ब्रेक नको!"

त्याला फक्त "ब्रेक" कळलं. त्यानं करकचून दाबला. आम्ही वाचलो, ट्रेलर उलटला.

आता तो ऑफिसभर सांगतोय, "साहब ने ही बोला था."

हिंदीतलं त्यानं ऐकलंच नाही, मराठीतलं ऐकलं तेही अर्धंच. जिवावर बेतल्यावर तुम्ही कुठल्या भाषेत ओरडता हो?